‘वन सेक’ अ‍ॅप: इन्स्टाग्रामच्या दारात एक श्वास

इन्स्टाग्रामवर बोट ठेवलं की लगेच रील सुरू होत नाही. पडदा खालून वर रंगाने भरत जातो, मग ओसरतो. तेवढ्यात एक दीर्घ श्वास घ्यायचा. मग दिसतं, गेल्या २४ तासांत हे अ‍ॅप उघडायचा हा कितवा प्रयत्न. पुढे दोनच पर्याय: आत जा, नाहीतर राहू दे. ‘वन सेक’ एवढंच करतं, आणि विशीतल्या मुलामुलींसाठी मिनिटं मोजणाऱ्या टायमरपेक्षा ते कितीतरी उजवं आहे.

कारण खरा प्रश्न मिनिटांचा नाहीच. सालोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्ता मांडली, ती भावना ओळखण्याची आणि हाताळण्याची क्षमता म्हणून. सोशल मीडियाचा हाताबाहेर गेलेला वापर आणि ही क्षमता कमी असणं, दोन्ही अभ्यासांत अनेकदा जोडीने दिसतात. कशामुळे काय, हे मात्र त्यातून ठरत नाही. ज्याला मनातली घालमेल सोसत नाही, तोही फोनच उचलतो. टायमर वाजेपर्यंत ही घालमेल रील्सखाली गाडली गेलेली असते. वन सेक तिला आधीच गाठतं.

त्या श्वासात ‘बोअर होतंय’वर थांबू नका. खरंच कंटाळा आहे, की मैत्रिणीच्या नोकरीची पोस्ट पाहून वाटलेला हेवा? उद्याच्या निकालाची धास्ती? नेमका शब्द सापडला की पुढचंही बरेचदा सुचतं: कुणाला तरी फोन लावावा, चक्कर मारून यावी, सरळ झोपावं. हे काम अ‍ॅप करत नाही, तुम्हालाच करावं लागतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८० जणांच्या अभ्यासात लोक ३६ टक्के वेळा दारातूनच परतले. त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या, वेगळ्या प्रयोगात सर्वांत उपयोगी ठरला तो ‘राहू दे’चा पर्याय, विचार करायला लावणाऱ्या संदेशाने फरक पडला नाही. (अभ्यासकांत अ‍ॅपचा निर्माताही होता, हे लक्षात ठेवूनच आकडे वाचावेत.)

आयफोनवर ‘शॉर्टकट्स’ या अ‍ॅपमध्ये ऑटोमेशन (इन्स्टाग्राम उघडलं की वन सेक आपोआप सुरू व्हावं, अशी सूचना) करताना ‘रन इमिजिएटली’ निवडा, नाहीतर दर वेळी आधी परवानगी मागत बसेल. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेची परवानगी लागते, तिच्यामुळे कुठलं अ‍ॅप उघडलं हे वन सेकला कळतं. बरेच फोन बॅटरी वाचवायला ही सेवा गुपचूप बंद करतात, म्हणून वन सेकवरचं बॅटरीचं बंधन काढा. फुकटात एकच अ‍ॅप अडवता येतं. ते असं निवडा, जे तुमचं बोट नकळत उघडतं.