सेकंडहँड फ्रेटलेस बेस आणि माझे ४२,५०० रुपये

लिहू की नको करत दोन महिने काढले. अकरा वर्षं बेस गिटार वाजवतोय, इंदुरात ओळखीचे लोक मला विचारून गिटार घेतात, आणि मलाच एकानं काळं फासलेलं लाकूड एबनी (मूळचंच काळं, कठीण, महाग लाकूड) म्हणून विकलं. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतो: बेसचे ३१,५००, मग त्यावरच्या ‘एपॉक्सी’च्या, म्हणजे कडक राळेच्या, थराचे ६,८००, वर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांचे ४,२००.

फ्रेटलेस, म्हणजे मानेवर फ्रेटच्या धातूच्या आडव्या पट्ट्या नसलेला बेस, हवा होता कारण आमचा भावगीतांचा ग्रुप आहे, गणपतीत कार्यक्रम असतात, आणि फ्रेटवाल्या बेसवर मींड घेतली की ती जिना उतरल्यासारखी येते. जाहिरात सेकंडहँडवाल्या ॲपवर होती. एबनी बोर्ड (मानेवरची फळी, जिच्यावर बोटं दाबतात), फार वापरलेला नाही, सोबत केस. ५,००० टोकन आधीच पाठवले (हो, पाठवले, माहितीये), बाकीचे समोर उभं राहून, तेही यूपीआयनंच. त्यानं बोलावलं रात्री साडेनऊला, राजवाड्यामागच्या एका गल्लीत, बंद दुकानाच्या ओट्यावर, म्हणे दिवसा नोकरी असते. उजेड म्हणजे खांबावरचा पिवळा दिवा. सेकंडहँड वाद्य रात्री बघायला जाऊ नका, फुकट मिळत असलं तरी.

आता तेच सांगतो जे आठवून अजून झोप उडते. दहा मिनिटं वाजवला असेल आणि डाव्या हाताची बोटं बघतो तर टोकं काळी, पेन फुटल्यासारखी. मी त्याच्यासमोर हात धरला. तो हसला, म्हणाला, ‘भिया, नई स्ट्रिंग है, कंपनी का तेल निकलता है.’ आणि मी मान डोलावली! नवी तार स्वच्छ असते, मळ सोडते ती जुनी, हे मी स्वतः पोरांना शिकवतो. शिवाय बुटाच्या पॉलिशचा वास येत होता, तर मी मनाशी म्हटलं, दिवसा इथे मोची बसत असेल. मोची! दोन आठवड्यांवर कार्यक्रम होता, दुसरा फ्रेटलेस शहरात मिळत नव्हता, तुम्हीही घेतला असतात.

घरी ट्यूनर लावला तर मानेच्या कडेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की सूर पाव उतरलेला. म्हणजे मूळचा फ्रेटवाला बेस, फ्रेट उपटून खाचा बुजवलेला. फ्रेटवाल्यात ठिपके दोन फ्रेटच्या मधे असतात, फ्रेटलेस म्हणूनच बनवलेल्यात बहुतेक वेळा सुराच्या रेषेवरच. फ्रेट काढलेला बेस वाईट असतो असं नाही, पण मग तसं सांगून त्या भावात विक ना.

आणि तारा चढवलेल्या स्टीलच्या राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत. फ्रेटलेसवर तार थेट लाकडावर दाबली जाते, मींड घेताना घासते, म्हणजे ही कानसच झाली. खऱ्या एबनीवरही त्या खुणा पाडतात, पण वेळ घेतात. माझ्या बोर्डावर तीन आठवड्यांत डी आणि जी तारेखाली चरे, आणि चऱ्यातून पिवळट लाकूड दिसायला लागलं. लेमन ऑइल लावून पुसलं तर बनियनचं फडकं कोळसा. नुसता काळा रंग सुटला म्हणून लगेच खोटं ठरवू नका, खऱ्या एबनीलाही एकसारखं दिसावं म्हणून रंग लावतात. बोर्डाचं पिकअपकडचं टोक टॉर्च आडवा धरून बघा, आत फिकं लाकूड दिसतं का ते.

मग मी फोन कोणाला केला? त्यालाच. तो गोड बोलला, जॅको पास्टोरिअस या नावाजलेल्या फ्रेटलेस वादकानं फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढून बोटीला लावतात ते एपॉक्सी कसं मारलं होतं ते सांगितलं. गोष्ट खरी आहे म्हणूनच तर फसलो, आणि एपॉक्सी मारायला बेस त्याच्याकडेच दिला. बारा दिवसांनी चकचकीत बेस परत मिळाला. मी नव्या फ्लॅटवाउंड चढवल्या आणि आठव्या दिवशी बोर्डात चारही तारांचे ठसे. एपॉक्सी नीट सुकलं की त्यात नख रुतत नाही, हे फर्निचरचं वॉर्निश होतं. तेव्हापासून त्याचा फोन बंद. (कोट असलेल्या बोर्डाला तेल लावू नका, ते उघड्या लाकडासाठी, तेही वर्षातून एक-दोनदा.)

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, ‘बज रहा है?’ म्हटलं, बजता तो है. ‘तो फिर?’ दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, परत पहिल्यापासून, ‘चार ही तार क्यों हैं, दो निकाल लिए क्या?’ तिसऱ्या फेरीत अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर म्हणे लेन-देन का मामला है, कोर्ट जाओ. चौथ्या फेरीत अर्जच सापडेना. चार अर्ध्या रजा गेल्या. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ॲपवाल्यांचं उत्तर तीन वेळा आलं, तिन्ही वेळा तेच, व्यवहार बाहेर झालाय, आपला दिवस शुभ जावो. शेजारचे वकील काका म्हणाले, विकणारा दुकानदार नाही, ग्राहक आयोगात टिकणं कठीण. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी एक्केचाळीस दिवसांनी फोन केला, तो त्याच दिवशी करायचा असतो. आणि चॅटचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढा, त्यानं ‘एबनी’ लिहिलेला मेसेज नंतर डिलीट केला.

परवा जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, बेस वेगळा, भाव २८,०००, पण फोटोत मागे तोच निळा हत्तींचा पडदा. बायकोच्या नंबरवरून मेसेज टाकला, दिवसा दाखवाल का? ब्लॉक.