एनसीडीयू: डिस्क कोणी खाल्ली ते सांगणारं टूल

आमच्या इंदूरच्या छोट्याशा ऑफिसात योक्तोवर, म्हणजे सोर्सपासून हवं तसं लिनक्स बांधून देणाऱ्या साधनांवर, छोट्या सर्किट बोर्डांसाठी लिनक्स बांधायचं काम चालतं. योक्तोची अलीकडची कागदपत्रं बिल्डसाठी निदान १४० जीबी मोकळी जागा मागतात, (बिल्ड म्हणजे ते सगळं बांधायची एक फेरी), तेव्हा डिस्क भरणं रोजचंच. सगळ्यांचा सल्ला ठरलेला: जेल रोडच्या बाजारात जा, मोठी एसएसडी आण. मी म्हणते, आधी एनसीडीयू चालवा, मग खिशात हात घाला.

टर्मिनलवर चालतं, फुकट आहे, डेबियन-उबंटूच्या पॅकेजांत मिळतं. फोल्डरांनी किती जागा घेतली ते सांगणाऱ्या लिनक्सच्या 'डीयू' कमांडसारखंच मोजतं, पण सगळ्यात जड फोल्डर सगळ्यात वर येतं आणि बाण दाबत आत शिरता येतं. कमांडला मायनस एक्स दिलं की दुसऱ्या माउंटवर, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर, भटकत नाही, ते द्याच.

आमच्याकडे पहिला नंबर नेहमी योक्तोच्या टीएमपी फोल्डरमधल्या वर्क फोल्डरचा. प्रत्येक पॅकेजचा सोर्स तिथे उघडून पडलेला असतो, वर त्याच्या ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कंपायलरने काढलेले तुकडे. उडवायचा तर बिल्ड चालू नसताना अख्खं टीएमपीच उडवा, नुसता वर्क नको. त्यापेक्षा लोकल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत योक्तोचा आरएम-वर्क क्लास इनहेरिट करा, म्हणजे पॅकेज बांधून झालं की त्याचा पसारा आपोआप जातो. एस-स्टेट कॅश, म्हणजे आधी बांधलेल्याचा साठा, कितीही फुगलेली दिसली तरी घाईने पुसू नका, नाहीतर पुढची बिल्ड पहिल्यापासून सुरू. हा फरक एनसीडीयूला कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं.

फाइलीच्या आधी एच दिसला तर ती हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलीचं दुसरं नाव, आधीच मोजलेली. योक्तोच्या सिसरूटमध्ये, म्हणजे पॅकेज बांधायला लागणाऱ्या हेडर-लायब्ररींच्या फोल्डरमध्ये, अशा ढीगभर असतात. एक पुसून जागा सुटली नाही म्हणून टूलला शिव्या घालू नका.

माझी तक्रार एकच, पण मोठी. पुसायला डी दाबलं की ते विचारतं खरं, पण तिथेच 'पुन्हा विचारू नका' असाही पर्याय ठेवलाय. कशाला? इथे कचरापेटी नाही, गेलं ते गेलं! ऑफिसात मी मायनस आरचा अलियास करून ठेवलाय (एनसीडीयू टाइप केलं की मायनस आर आपोआप लागतं), म्हणजे नुसतं बघायचं.

बिल्ड सर्व्हरसाठी आणखी एक सोय आहे. तिकडे मायनस ओ देऊन यादी फाइलीत काढायची आणि आपल्या लॅपटॉपवर मायनस एफने उघडायची. अशा यादीतून काही पुसलं जात नाही, त्यामुळे नव्या मुलांना मी तीच देते.