पहिलं शाईचं पेन घेताय? ड्रॉपरवालं की कन्व्हर्टरवालं
ऑफिसमधल्या एकीने परवा विचारलं, दादा, पहिलं फाउंटन पेन घ्यायचंय, आपलं ड्रॉपरने भरायचं घेऊ की कन्व्हर्टरवालं, म्हणजे आत शाई ओढून घेणारी छोटी नळी असलेलं, लॅमी सफारी? डबा खाताना तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत.

ड्रॉपरवालं म्हणजे आपल्या मुंबईचं एअरमेल, त्यांचंच वॅलिटी, नाहीतर राजमहेंद्रीच्या रत्नमची एबोनाइटची पेनं. आत वेगळी नळी नसते, अख्खी बॉडीच शाईची टाकी. मी रविवारी रात्री बेसिनपाशी जुना पेपर पसरतो, पुढचा भाग फिरवून काढतो, ड्रॉपरने हळूहळू शाई सोडतो, काठाच्या जरा खाली थांबतो, आट्यांवर नखावर मावेल इतकंच सिलिकॉन ग्रीस फिरवतो आणि घट्ट बसवतो. दोन मिलीच्या आसपास शाई सहज मावते, रोज एखादं पान लिहिणाऱ्याला आठवडा-दोन आठवडे बघायलाच नको. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हातात धरलं की लगेच आपलंसं वाटतं, प्लास्टिकला ती मजा नाही. फक्त उन्हात ठेवू नका, रंग जातो.

खोट एकच, पण मोठी. शाई पाव उरली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. मे महिन्यात लोकलच्या गर्दीतून उतरून गेलो, फॉर्मवर सही करायला टोपण काढलं आणि टपकन थेंब पडला, अख्खा फॉर्म परत भरावा लागला. तेव्हापासून निम्मी झाली की भरूनच टाकतो, आणि हा त्रास जवळजवळ संपला.

सफारी जर्मन, १९८० पासून बनतंय. मजबूत प्लास्टिक, टोपण खटकन बसतं, बॅगेत आपटलं तरी काळजी नाही. धरायची जागा त्रिकोणी आहे, ती काहींच्या बोटांना बसते आणि काहींना अजिबात नाही, म्हणून हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. कन्व्हर्टर बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात एक मिलीही शाई मावत नाही. पण धुवायला सोपं, शाई बदलायला सोपं, आणि हवा कमी असल्याने थेंब टाकायची भीती फारच कमी.

आता जे कोणी सांगत नाही ते. आपण देवनागरी लिहितो. जर्मन फाइन, म्हणजे बारीक टोकाची, निब बारीक अक्षराला जाड पडते, ‘तत्त्व’, ‘उद्ध्वस्त’ लिहा, जोडाक्षराची पोटं शाईने भरतात आणि अनुस्वाराचा गोळा होतो. एक्स्ट्रा फाइन घ्या, किंवा सरळ जपानी पायलट मेट्रोपॉलिटन फाइनमध्ये बघा, जपानी फाइन बरीच बारीक असते आणि कन्व्हर्टरही सोबत येतो. त्यात जुलैमध्ये आपल्याकडे कागद दमट होतो, साध्या वहीवर शाई फुटते, तेव्हा बारीक निब वाचवते.

शाई दोघांनाही आपली कॅमल चालते, दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या घराची. चित्रकलेची वॉटरप्रूफ इंक मात्र कधीच नको, आत सुकून जीभ, म्हणजे निबेखालची शाई पुढे आणणारी पट्टी, कायमची चोंदते.

माझं मत सांगू? टेबलापाशी बसून पानंच्या पानं लिहिणार असाल तर ड्रॉपरवालं, त्याला तोड नाही. रोज चर्चगेट-विरार करत मधेमधे दोन ओळी लिहिणार असाल तर कन्व्हर्टरवालं घ्या. दोन्हीकडे पेन खिशात निब वर करूनच ठेवा.

दुकानात गेलात की निब शाईत बुडवून मागा, आणि रेघोट्या न मारता आपलं पूर्ण नाव, आडनावासकट, चार वेळा लिहून बघा.