वारसाच्या कामाला वकील शोधताय? म्हापशातला आमचा अनुभव

बाबा गेल्या पावसात गेले. पेडण्याला घर, थोडं काजूचं भाट म्हणजे बाग, बँकेत एफडी, आणि मागे आई, मी नि ताई. मुंबईचे मामा पहिल्या दिवसापासून प्रोबेट करा प्रोबेट करा, म्हणजे विलावर कोर्टाचं शिक्कामोर्तब घ्या, म्हणत होते, मीपण तोच शब्द धरून वकील शोधत फिरलो. पहिले भेटले त्यांनी कागद न बघताच अॅडव्हान्स घेतला आणि दोन महिने फोनच उचलला नाही. बाबांनी विलच केलेलं नाही तर प्रोबेट कसलं, एवढंसुद्धा सांगितलं नाही हो!

मग शेजारच्या काकांनी म्हापशातल्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आईबाबांच्या लग्नाच्या नोंदीचा. म्हणाल्या गोव्यात वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, त्यामुळे अर्धी आधीच आईची आहे, बाबांच्या अर्ध्यात आम्ही दोघं भावंडं सारखे, मुलगा मुलगी फरक नाही. विल असतं तरी बाबांना त्यांच्या वाट्यातला अर्धाच मनासारखा देता आला असता. हे कुणी आईला नीट सांगितलंच नव्हतं, ती तिथेच रडली.

आमच्यात भांडण नाही म्हणून कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीचं प्रकरण, लावायची गरज नाही, आधी सब-रजिस्ट्रारकडे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, करू म्हणाल्या. हे सगळं २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याने चालतं, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. त्यात जावई, सून पण येतात, म्हणून पुण्याच्या भावोजींचे कागद पण लागले, आधी कळलं नसतं तर ऐनवेळी धावपळ झाली असती. भाटात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, एक घर आहे तेही त्यांनी स्वतःहून विचारलं, वारस बदलले तरी त्याचा हक्क राहतो, लपवू नका म्हणून बजावलं. मला हे फार आवडलं. आजोबांचा पोर्तुगीज दस्त त्यांनीच भाषांतर करून आणला.

फी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिली, स्टॅम्प ड्युटी वेगळी, पुढे एक रुपया वाढला नाही. त्रास एकच, कोर्टाच्या वेळेत फोन लागत नाही, रात्री व्हॉट्सअॅपवर उत्तर देतात, आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईला दोनदा जिन्यात बसावं लागलं.

सहीच्या दिवशी सगळं डीड त्यांनी आईला ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवलं, मागे लोक खोळंबले होते तरी. आता मामलेदाराकडे म्युटेशन म्हणजे नावं बदलायचं काम चालू आहे, एक-चौदा या जमिनीच्या उताऱ्यावर तिघांची नावं चढायची आहेत. जाताना सगळ्यांचे जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले घेऊनच जा, आमच्या दोन फेऱ्या त्यातच गेल्या.