वादविवाद मंडळ की नाट्यमंडळ?

विद्यापीठात नुकतीच आलेली एक मुलगी विचारत होती, "दोन्हीकडे नाव दिलंय, पण झेपेल एकच. कुठे जाऊ?" नोंदणीच्या दिवशी दोघंही 'व्यक्तिमत्त्व विकास' विकतात. ते सोडून देऊ.

खरा फरक वेळेचा. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीच्या वादविवादात विषय कळतो १५ मिनिटं आधी. दोघादोघांचे ४ संघ, प्रत्येक वक्त्याला साधारण ७ मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचा मध्येच उभा राहून प्रश्न टाकू शकतो. एखाद्या सरावाला दांडी मारली तरी फारसं कुणाचं अडत नाही. नाटकाचं तसं नाही. तालमी सुरू झाल्या की संध्याकाळ तुमची राहत नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर समोरचा रिकाम्या खुर्चीशी संवाद म्हणतो. प्रयोग परीक्षेच्या तोंडावर आला तर विचारूच नका.

चुकलात तर? वादविवादात निकालानंतर परीक्षक कारणं सांगतात. झोंबतात, पण कामाची असतात. नाटकात गाळलेलं वाक्य सोबतचा नट सावरून घेतो. मैत्री तिथे जास्त घट्ट होते, असं माझं मत. भांडणंही.

बुजऱ्यांसाठी नाटकात प्रकाशयोजना, नेपथ्य, कपडेपट आहे. वादविवादात लपायला विंगच नाही.

अभ्यासक्रम जड असेल, बातम्या वाचायची खोड असेल तर वादविवाद. एका गोष्टीत दोन महिने बुडून जायची तयारी असेल, किंवा नवीन गावात माणसं हवी असतील, तर नाटक.