चाली रचण्यासाठी पेटी की कीबोर्ड?
अंबाजोगाईच्या एका विद्यार्थिनीला स्वतःच्या चाली रचायच्या आहेत आणि त्यासाठी पेटी घ्यावी की कीबोर्ड, असा तिचा प्रश्न आहे. वीज गेली तरी पेटी वाजते, आणि तिच्यावर बसवलेली चाल हरिनाम सप्ताहात टाळकऱ्यांनी उचलली की नाही, हे त्याच रात्री कळते. नव्या संगीतकाराला याहून खरी परीक्षा मिळणे कठीण आहे. पेटीच्या पट्ट्यांतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाणे, निघत नाही, हा आक्षेप इतका गंभीर मानला गेला की ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी ठेवली. कीबोर्डवरील स्वर वाकवणाऱ्या चाकाने ही उणीव काहीशी भरून निघते. कीबोर्डची दुरुस्ती अवघड असली, तरी संगणकाला जोडून अनेक वाद्यांची रचना एकटीने बांधता येते. भजन, कीर्तन आणि अभंगांसाठी पेटी घ्यावी. चित्रपटासाठी किंवा वाद्यवृंदासाठी रचना करायची असल्यास कीबोर्ड घ्यावा.