संगणकात नसलेली फियाट : परराज्यातील जुनी मोटार नावावर करून घेण्याच्या सेवेचे परीक्षण

१९६८ सालची फियाट ११०० डिलाइट उत्तर कर्नाटकातील एका जिल्ह्याच्या गावाहून पश्चिम महाराष्ट्रातील माझ्या घरी ट्रकवर चढवून आणायला सात तास लागले आणि कागदोपत्री ती माझी व्हायला चौदा महिने. डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मला दोन परिवहन कार्यालयांशी, नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीशी आणि दोन एजंटांशी व्यवहार करावा लागला. ही सर्व मिळून एकच सेवा आहे असे समजून मी हे परीक्षण लिहीत आहे, कारण ग्राहकाला ती एकत्रितच घ्यावी लागते. कार्यालयांची आणि व्यक्तींची नावे मी देणार नाही. दोष माणसांकडे थोडा आणि कामाच्या क्रमाकडे बराच जातो.

गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची आहे : १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर आणि ‘एमवाय’ या अक्षरांनी सुरू होणारा जुना नंबर. त्या नंबराचे मला पहिल्यापासून अप्रूप होते. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी आले. ही मोटार त्याआधीच्या म्हैसूर राज्यात नोंदलेली होती. मूळ मालक वकील होते. ते १९९६ साली वारले आणि त्यानंतर त्यांच्या मुलांनी गाडी झाकून, अधूनमधून चालू करून जपली, पण नावावर कोणीच करून घेतली नाही. आरसी बुक मात्र सुस्थितीत होते. १९७९ साली बदललेल्या इंजिनाचा क्रमांकही त्यात लाल शाईने, सही-शिक्क्यानिशी चढवलेला होता. मी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासले, पत्र्याचा सडका भाग टोचून पाहिला, चासीचा क्रमांक पुस्तकाशी ताडला आणि समाधानाने आगाऊ रक्कम दिली. जी एक गोष्ट सर्वांत आधी पाहायला हवी होती, ती मला ठाऊकच नव्हती. गाडीचा नंबर ऑनलाइन प्रणालीत टाकल्यावर ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर येत होते.

पुढचे सारे रामायण या एका ओळीतून निघाले. जुन्या काळी गाडीची नोंद कापडी बांधणीच्या जाड वहीत होत असे आणि पुढे कार्यालये संगणकावर आली तेव्हा चालू व्यवहार असलेल्या गाड्यांच्या नोंदी आधी चढल्या. ज्या गाड्या कोणत्याही कामासाठी खिडकीवर आल्याच नाहीत, त्या वहीतच राहिल्या. अशी नोंद नंतर संगणकात चढवण्याला कार्यालयीन भाषेत ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. ती मूळ कार्यालयानेच करायची असते, आणि ती होईपर्यंत कोणताही अर्ज भरता येत नाही, शुल्क भरता येत नाही, तारीख मिळत नाही. हातात १९६८ पासूनचे अस्सल आरसी बुक असले तरी ते फक्त बॅकलॉगच्या अर्जाला जोडायचे एक कागदपत्र ठरते.

तिथल्या कार्यालयात वही सापडेना. जिल्ह्याचे कार्यालय नंतर सुरू झालेले होते आणि त्यापूर्वीच्या वह्या शेजारच्या जिल्ह्यातील जुन्या कार्यालयात होत्या, एवढे कळण्यासच सहा आठवडे गेले. एकदा पत्र गेले, एकदा स्मरणपत्र गेले आणि शेवटी मी स्वतः गेलो. तिथे निवृत्तीला आलेल्या एका कर्मचाऱ्याने माझे आरसी बुक हातात घेतले, नंबरवरून वर्ष ओळखले, ‘उद्या दुपारी या’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच वही टेबलावर ठेवली. पानावर वकीलसाहेबांचे नाव, पत्ता, चासी क्रमांक आणि रंग, सर्व काही सुवाच्य अक्षरांत होते. संपूर्ण सेवेतला सर्वांत समाधानकारक अनुभव कोणता असे विचारले, तर मी या गृहस्थांचे दोन दिवस सांगेन. त्यांच्यानंतर त्या खोलीतील वह्यांची क्रमवारी कोणाला ठाऊक असेल, हा प्रश्न मात्र मला अजून सतावतो.

नोंद चढल्यावर कायद्याची साखळी सुरू झाली. तिचा क्रम तर्काला धरून आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. मृत मालकाकडून वारसाकडे गाडी जाण्यासाठी नमुना ३१. मुदत संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५. दुसऱ्या राज्यात नेण्याच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एनओसीसाठी, नमुना २८. विक्रीचे २९ आणि ३०. आणि इथे आल्यावर नवीन नोंदणी क्रमांकासाठी नमुना २७. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्याने दोन पायऱ्या एकाच वेळी चढता येत नाहीत. तीन वारसांपैकी एक मस्कतला होते. त्यांचे संमतीपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन येईपर्यंत पाच आठवडे सगळे काही थांबले.

येथे माझी स्वतःची चूकही नोंदवली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठीच वैध असते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. नूतनीकरणासाठी निरीक्षकाने गाडी प्रत्यक्ष पाहावी लागते, आणि माझ्या प्रकरणात ती पाहायची होती मूळ कार्यालयाने. मी मात्र उत्साहाच्या भरात गाडी आधीच घरी आणली होती. परिणामी तीच गाडी पुन्हा ट्रकवर चढवून पासिंगसाठी परत न्यावी लागली आणि त्या जाण्यायेण्याचे अठ्ठावीस हजार रुपये निव्वळ माझ्या अधीरतेपोटी गेले. एनओसी हातात पडेपर्यंत गाडी विकणाऱ्याच्याच अंगणात उभी राहू द्यावी. निरीक्षकांनी दिवे, भोंगा, हातब्रेक पाहिला, चासी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसा, स्वतःच्या देखरेखीखाली घेतला आणि पाऊण तासात काम संपवले. नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा पाच हजार रुपये होते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते दहा हजार झाले आहे, त्यामुळे आता या मार्गाला लागणाऱ्यांनी हिशेब त्याप्रमाणे करावा.

करांच्या बाबतीत कार्यालयाची बाजू बरोबर होती, असे मला सांगावे लागेल. आरसी बुकासोबतच्या कराच्या पानांवर १९९१ ते १९९४ या वर्षांचे शिक्के नव्हते. त्या काळात गाडी ठोकळ्यांवर उभी होती हे कुटुंबाला आठवत होते, परंतु गाडी वापरात नसल्याची सूचना त्या वेळी कोणी दिली नव्हती. सूचना दिली नसेल, तर कागदावर गाडी रस्त्यावरच असते. कर आणि दंड भरला. वादाला जागा नव्हती.

एनओसीचा प्रकार मात्र निराळा. कलम ४८ नुसार अर्जापासून तीस दिवसांत कार्यालयाने होकार किंवा नकार कळवायचा असतो आणि तसे न झाल्यास प्रमाणपत्र दिले गेले असे मानले जाते. गाडी चोरीच्या गुन्ह्यात अडकलेली नाही असा पोलिसांचा अहवालही लागतो आणि तो योग्यच आहे. माझ्या बाबतीत अहवाल वेळेत आला, तीस दिवस उलटले, चाळीस झाले. मी कलमाची छापील प्रत घेऊन गेलो. लिपिकांनी ती पूर्ण वाचली, मान डोलावली आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की, कायदा आपण म्हणता तसाच आहे, परंतु ‘दिले असे मानले’ याची प्रत छापण्याचे बटण आमच्याकडे नाही, आणि संगणकात एनओसी दिसल्याशिवाय तुमचे कार्यालय अर्ज स्वीकारणार नाही. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. नागरिकाला कायद्याने दिलेला हक्क वापरण्यासाठी पडद्यावर जागाच नसेल, तर तो हक्क चौकटीत लावून भिंतीवर टांगण्यापुरता उरतो. प्रमाणपत्र त्रेपन्नाव्या दिवशी मिळाले.

महाराष्ट्रातील कार्यालयाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. आधीची सर्व नोंद प्रणालीत दिसू लागल्यावर अर्ज घरून भरता आला, कर आणि शुल्क ऑनलाइन भरले, तपासणीची तारीख आठवड्याच्या आत मिळाली. आजच्या मोटारींचा चासी क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि माझ्या फियाटचा त्याहून पुष्कळ आखूड आहे, त्यामुळे समोरच्या मंडळींनी एकदा भुवया उंचावल्या, एवढेच. प्रणालीत नोंद असलेल्या गाडीला ही सेवा आज उत्तम मिळते, हे मी निःसंकोचपणे सांगतो.

याच टप्प्यावर मला एक निर्णय घ्यावा लागला. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज मोटारींसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा मोटार यात बसते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंतरच्या नोंदणीला पाच हजार. म्हणजे माझा ‘एमवाय’ नंबर वाचण्याची शक्यता होती. परराज्यातून येणाऱ्या गाडीला हा लाभ कसा लागू करायचा, याबद्दल मात्र दोन टेबलांवर दोन मते ऐकायला मिळाली. शिवाय अट अशी की, विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. तरतूद संग्राहकांसाठी चांगली आहे. मला मात्र ही गाडी रविवारी सकाळी वाईच्या गणपतीला न्यायची होती, तिथून पुढे पसरणीचा घाट चढवायची होती, आणि त्यासाठी दरवेळी रॅलीचे निमित्त शोधण्याची माझी तयारी नव्हती. आठवडाभर विचार करून मी साधी नोंदणी निवडली आणि नंबर सोडला. जुनी पाटी आता बैठकीच्या खोलीत आहे. निर्णय बरोबर होता असे मी सोमवार ते शनिवार स्वतःला समजावतो. रविवारी समजवावे लागत नाही.

आता एजंटांविषयी. इथल्या एजंटाने बावीस हजार रुपये घेतले. तो आरटीओच्या कामात मुरलेला असला तरी त्याचे सारे ज्ञान संगणकात असलेल्या गाड्यांपुरते होते आणि वहीतल्या गाडीपुढे तो माझ्याइतकाच नवखा निघाला. पहिले तीन महिने तो मला ‘साहेब, पुढच्या आठवड्यात होऊन जाईल’ एवढेच सांगत असे. तिथल्या एजंटाने सहा हजार घेतले. त्याने कन्नडमधील अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे लिहून दिली, कोणत्या खिडकीवर कोणत्या वारी जावे हे सांगितले आणि जे काम माझ्याच्याने होणारे नव्हते तेवढेच हाती घेतले. सहा हजार वसूल झाले. बावीस हजारांतले निम्मे तरी पाण्यात गेले, असे माझे मत आहे.

गाडीची किंमत सोडून कागदपत्रांवर, प्रवासावर, करांवर आणि एजंटांवर मिळून माझे एक लाख दहा हजारांच्या आसपास खर्च झाले. पाचपैकी गुण द्यायचे झाले, तर इथल्या कार्यालयाला मी चार देईन, तिथल्याला दोन आणि वही शोधणाऱ्या गृहस्थांना पाच. अशी गाडी घ्यायला निघालेल्यांनी बोनेट उघडण्याआधी तिचा नंबर ऑनलाइन प्रणालीत टाकून पाहावा. नोंद नसेल, तर बॅकलॉगचे काम विकणाऱ्याने पूर्ण करून द्यावे अशी अट घालावी आणि किमतीतील मोठा हिस्सा तोपर्यंत हातचा राखावा. हप्त्यावर घेतलेल्या जुन्या गाडीवर कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असू शकतो, तोही आरसी बुकात पाहून घ्यावा. पन्नास वर्षांपूर्वीची पतपेढी आज अस्तित्वात असेलच असे नाही.

फेब्रुवारीत टपालाने कार्ड आले. नाव बरोबर, पत्ता बरोबर, इंजिन आणि चासी क्रमांक बरोबर. १९६८ च्या वहीत गाडीचा रंग राखाडी लिहिलेला होता. वकीलसाहेबांनी ती १९८२ साली हस्तिदंती रंगवून घेतली आणि नोंद केली नाही. दोन्ही तपासण्यांत निरीक्षकांनी हस्तिदंती असेच लिहिले, तरी कार्डावर राखाडी छापून आले आहे. रंगबदलाचा अर्ज भरला असून तपासणीची तारीख येत्या मंगळवारची मिळाली आहे.